नौदलाच्या विमानात मागे बसणारा रेडिओमन युद्धात करायचा तरी काय?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या मिडवेच्या लढाईबद्दल वाचताना प्रत्येक वैमानिकाच्या नावाला जोडून आणखी एक नाव येतं आणि त्यापुढे 'एआरएम' अशी अक्षरं असतात. हा 'एव्हिएशन रेडिओमन' म्हणजे मागे बसून मशीनगन चालवणारा माणूस, एवढंच का? मग त्याला रेडिओमन का म्हणायचे? आणि त्याचं युद्धातलं आयुष्य कसं होतं?

मी भारतीय नौदलातून एअरक्रूमन म्हणून निवृत्त झालो. अलिझे या पाणबुडीविरोधी विमानात बसून रडार आणि सोनोबॉय (पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायचं यंत्र) सांभाळण्यात नोकरीची ऐन वर्षं गेली, त्यामुळे या मंडळींचं काम मला पुस्तकापलीकडचंही थोडं कळतं. आधी सरळ उत्तर देतो. बंदूक हे त्याचं लोकांना दिसणारं काम. खरी नोकरी कानांची होती. ऐकायचं, आणि हाताशी कळ असूनही ती दाबायची नाही. बंदूक चालवायची पाळी येईपर्यंत बाकीचं बरंच काही आधीच बिघडलेलं असायचं.

दोन विमानं डोळ्यांसमोर ठेवा. एक डग्लस डॉन्टलेस, सूर मारून बॉम्ब टाकणारं. त्यात दोघं: पुढे वैमानिक, त्याच्याकडे पाठ करून रेडिओमन. दुसरं ग्रुमन अ‍ॅव्हेंजर, टॉर्पेडो टाकणारं. त्यात तिघं: पुढे वैमानिक, वर काचेच्या बुरुजात गनर, आणि खाली विमानाच्या पोटात रेडिओमन. मागे बसलेला प्रत्येक जण रेडिओमनच असायचा असं मात्र समजू नका. एंटरप्राइज या विमानवाहू नौकेवरचा ब्रूनो गायडो हा मूळचा इंजिनाचा मेकॅनिक. १ फेब्रुवारी १९४२ला मार्शल बेटांवरच्या हल्ल्यानंतर एक जपानी बॉम्बफेकी विमान नौकेवर आदळायला येत होतं. हा पठ्ठ्या डेकवर उभ्या असलेल्या डॉन्टलेसच्या मागच्या जागेत उडी मारून बसला आणि त्याने गोळ्या झाडायला सुरुवात केली. ते विमान वळलं आणि याच्या विमानाची शेपटी कापून समुद्रात पडलं. अ‍ॅडमिरल हॅल्सींनी त्याला तिथल्या तिथे बढती दिली. चार महिन्यांनी मिडवेला तो आणि त्याचा वैमानिक फ्रँक ओफ्लॅहर्टी यांना पाण्यात उतरावं लागलं. जपानी विनाशिकेने त्यांना उचललं, चौकशी केली आणि नंतर वजन बांधून समुद्रात टाकून मारलं. मागच्या जागेवर बसणाऱ्याला मेकॅनिक असल्याची सवलत नव्हती, एवढं सांगण्यासाठी हे लिहिलं.

आता रेडिओमन कसा घडायचा ते. 'एव्हिएशन रेडिओमन' हा वेगळा हुद्दा अमेरिकन नौदलाने १९४२मध्ये केला. त्याआधी जहाजावरचा आणि विमानातला, दोघंही नुसते रेडिओमन. पोरं सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची, बरीचशी शाळेतून थेट आलेली. आधी भरती छावणी, मग रेडिओ शाळा (जॅक्सनव्हिल आणि मेम्फिसजवळच्या शाळा मोठ्या), मग गोळीबाराचं प्रशिक्षण, आणि अ‍ॅव्हेंजरवर जायचं असेल तर बहुधा फ्लोरिडातलं फोर्ट लॉडरडेल. तिथे वैमानिक, गनर आणि रेडिओमन एकत्र बांधले जायचे आणि तेच त्रिकूट पुढे लढाईला जायचं. आपला वैमानिक कोण, हे निवडायची मुभा रेडिओमनला नव्हती.

रेडिओ शाळेत सगळ्यात जास्त वेळ खायचा तो मोर्स. मोर्स कानाने शिकायचा असतो. कागदावर ठिपके आणि रेघा पाठ केलेला मुलगा थोडा वेग वाढला की अडकतो, कारण तो मनातल्या मनात रेघा मोजत बसतो. कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये आम्हालाही हेच सांगत. अक्षर म्हणजे एक आवाज, मोजायचं काही नाही. वर्गात शांततेत मिनिटाला वीस-बावीस शब्द घेणारा मुलगा विमानात बसला की अर्ध्यावर येतो. डॉन्टलेसमध्ये तर हजार अश्वशक्तीचं इंजिन, आणि बंदूक बाहेर काढायची तर मागचं काचेचं झाकण उघडावं लागे. म्हणजे वाऱ्याचा मारा, गारठा आणि खरखर यांतून एक बारीक सूर पकडायचा आणि मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलने उतरवायचा. पंधरा मिनिटं करून बघा, डोकं दुखायला लागतं. ही पोरं चार-चार तास करत.

सुरुवातीच्या काळातला संच आजच्या माणसाला विचित्र वाटेल. फ्रिक्वेन्सीचा पट्टा बदलायचा तर नुसतं बटण फिरवून भागायचं नाही. रिसीव्हरमधलं कॉइल उपटून दुसरं बसवायचं. वेगवेगळ्या पट्ट्यांची कॉइल डबीत भरून सोबत न्यायची. लांबचा संदेश पाठवायचा तर विमानातून अँटेनाची तार रिळाने मागे सोडायची, आणि उतरण्याआधी आठवणीने गुंडाळून घ्यायची. विसरलात तर तार गेली आणि डेकवरच्या लोकांच्या शिव्या मिळाल्या. डॉन्टलेसमध्ये रेडिओचा पसारा वैमानिक आणि रेडिओमन यांच्या मधे. त्यामुळे रेडिओ चालवायला पुढे तोंड करायचं आणि शत्रूचं विमान दिसलं की खुर्ची गरकन फिरवून मागे. एका माणसाने दोन दिशांना तोंड करून नोकरी करायची अशी ती रचना होती.

आणि एवढं सगळं शिकून वर गेल्यावर हुकूम काय? रेडिओ बंद. म्हणजे ऐकायचं, पाठवायचं नाही. विमानवाहू नौका समुद्रात कुठे आहे हे शत्रूला कळलं तर सगळाच खेळ संपला, आणि एका विमानातून गेलेला एक संदेशही दिशा शोधणाऱ्या यंत्रांना पुरत असे. मग रेडिओमन लोकांनी हातानेच मोर्स सुरू केला. शेजारी उडणाऱ्या विमानातल्या दोस्ताकडे बघून वळलेली मूठ म्हणजे डिट (ठिपका) आणि उघडा पंजा म्हणजे डा (रेघ). युद्धाच्या बातम्या आणि वैमानिकाविषयीच्या चहाड्या यांपैकी कशासाठी ते जास्त वापरलं जाई, याचा अंदाज तुम्हीच करा. नौकेला काही कळवायचं असेल तर निरोप वजनाच्या पिशवीत घालून खाली डेकवर टाकायचा. १८ एप्रिल १९४२ला डूलिटलची अमेरिकन बॉम्बफेकी विमानं टोकियोवर हल्ल्याला निघण्याआधी काही तास, एंटरप्राइजच्या टेहळणी विमानाने जपानी पहारा-बोट दिसल्याचा निरोप असाच डेकवर टाकला. संच चालू होता, माणूस शिकलेला होता, पण निरोप पिशवीतूनच गेला.

मौन मोडायची वेळ आली की मात्र सगळं त्या कळीवर येऊन थांबायचं. ४ जून १९४२च्या सकाळी मिडवे बेटावरून निघालेल्या कॅटलिना टेहळणी विमानांतून साडेपाचनंतर लगोलग दोन संदेश आले. एकात शत्रूच्या विमानवाहू नौका, दुसऱ्यात मिडवेकडे निघालेली असंख्य विमानं. त्या दोन संदेशांवर पुढची सगळी लढाई उभी राहिली. इतिहासात वैमानिकांची नावं नोंदली आहेत. त्या विमानांत रेडिओवर कोण बसलं होतं हे मला दरवेळी पुन्हा शोधावं लागतं.

याची दुसरी बाजू पर्ल हार्बरच्या सकाळची. ७ डिसेंबर १९४१ला एंटरप्राइजवरून निघालेली १८ डॉन्टलेस विमानं काही कल्पना नसताना हल्ल्याच्या मधोमध जाऊन पोचली. बाकीच्यांच्या कानांवर एन्साइन मॅन्युएल गोन्झालेसचा आवाज आला: गोळ्या झाडू नका, हे अमेरिकन विमान आहे. मग तो मागच्या माणसाला उडी मारायला सांगताना ऐकू आला आणि नंतर काही नाही. मागचा माणूस होता रेडिओमन लिओनार्ड कोझेलेक. दोघंही परतले नाहीत. ते ऐकणाऱ्या दुसऱ्या विमानांतल्या रेडिओमनना उलट उत्तरही देता आलं नसेल, हा भाग मला जास्त टोचतो.

घरी परतायचं कसं, हा रेडिओमनच्या कामाचा दुसरा मोठा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. समुद्रावर खूण नसते, आणि तुमचं घर ताशी पंचवीस-तीस सागरी मैलांनी दुसरीकडे निघून गेलेलं असतं. अमेरिकनांनी त्यासाठी एक साधन बसवलं. नौकेच्या डोलकाठीवर 'वायई' नावाचा फिरता अँटेना आणि विमानात 'झेडबी' नावाचा रिसीव्हर, ज्याला पोरं 'झेड बेकर' म्हणत. अँटेना फिरताना दर तीस अंशांना मोर्समधलं एक वेगळं अक्षर फेकायचा. वर्तुळाचे बारा भाग, बारा अक्षरं. निघण्यापूर्वी त्या दिवसाची अक्षरं नकाशावर मांडून घ्यायची. परतताना जे अक्षर ऐकू येईल त्यावरून आपण नौकेच्या कोणत्या बाजूला आहोत ते कळायचं आणि कोणत्या दिशेने वळायचं तेही. लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, म्हणून शत्रूला दूरवरून ऐकू येण्याची भीती कमी. त्यातली खोच अशी की तुम्ही खाली उडत असाल तर तुम्हालाही ऐकू येत नाही. इंधन संपत आलेलं असताना वर चढायचं धाडस वैमानिकाला करायला लावणं हेही रेडिओमनचंच काम. पट्टा नीट लावला नसेल, अक्षर चुकीचं ऐकलं असेल, 'ए' ऐवजी 'एन' वाटलं असेल, तर विमान उलट्या दिशेला निघून जायचं. मोर्समध्ये ही दोन अक्षरं एकमेकांच्या उलट आहेत, डिट-डा आणि डा-डिट. थकलेल्या कानाला तेवढा फरक पुरत नाही.

आता हॅरी फेरियरबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याच्या एका आयुष्यात तुमच्या प्रश्नाचं बरंच उत्तर आहे. मॅसॅच्युसेट्समधला पोरगा, जन्म १९२५चा. वय वाढवून सांगून नौदलात शिरला, रेडिओमन झाला आणि आठव्या टॉर्पेडो स्क्वाड्रनमध्ये आला. या स्क्वाड्रनचा मुख्य भाग हॉर्नेट नौकेवर जुनी डिव्हास्टेटर टॉर्पेडो विमानं घेऊन होता. नव्याकोऱ्या अ‍ॅव्हेंजरची सहा विमानं मात्र मिडवे बेटावर पाठवली होती. त्यांतल्या एकात वैमानिक अल्बर्ट अर्नेस्ट, बुरुजात जे मॅनिंग आणि पोटात सतरा वर्षांचा फेरियर. अ‍ॅव्हेंजरची ही पहिलीच लढाई.

४ जूनला सकाळी सहाच्या सुमारास सहाही विमानं संरक्षक लढाऊ विमानांशिवाय उडाली. जपानी ताफा दिसतो न दिसतो तोच झीरो ही जपानी लढाऊ विमानं अंगावर आली. मॅनिंगची बंदूक थोडा वेळ चालली आणि थांबली. फेरियरने मागे वर पाहिलं तर तो मेलेला. तेवढ्यात हायड्रॉलिकची नळी फुटली आणि शेपटीचं चाक खाली आलं. ते नेमकं फेरियरच्या खालच्या बंदुकीच्या नळीपुढे. म्हणजे बंदूक शाबूत, गोळ्या शाबूत, पण झाडता येईना. मग मनगटाला लागलं, मग डोक्याला चाटून गोळी गेली आणि पोरगा बेशुद्ध पडला. पुढे अर्नेस्टच्या मानेला जखम, उंची सांभाळणाऱ्या तारा तुटलेल्या. त्याने टॉर्पेडो जवळच्या एका क्रूझरवर सोडून दिला. विमान पाण्यात जाणार असं वाटत असतानाच त्याचा हात सवयीने ट्रिमच्या चाकावर (विमानाचा तोल साधायच्या चाकावर) गेला, आणि नाक वर उचललं गेलं. त्या एका चाकावर त्याने विमान जपानी ताफ्याला वळसा घालून घराकडे नेलं. कंपास निकामी. दूरवर मिडवेवरच्या आगीचा काळा धूर दिसला, त्याच्या दिशेने. फेरियर शुद्धीवर आल्यावर रांगत पुढे, वैमानिकाच्या मागच्या रिकाम्या जागेत जाऊन बसला. उतरताना एकच चाक खाली आलं. विमानाला साठाहून जास्त भोकं होती. सहा विमानांतून १८ माणसं निघाली होती, त्यातली हीच दोन जिवंत परत आली.

हॉर्नेटवरून गेलेल्या भागाचं तर सर्वांना माहीत आहे. १५ डिव्हास्टेटर, ३० माणसं, वाचला फक्त एन्साइन जॉर्ज गे. म्हणजे पंधराच्या पंधरा मागचे रेडिओमन गेले. गेच्या मागे बसलेल्याचं नाव रॉबर्ट हंटिंग्टन.

पण मिडवे सोडून रोजच्या कामाकडे येऊ. अ‍ॅव्हेंजरच्या पोटातली रेडिओमनची जागा हा स्वतंत्र विषय आहे. उजव्या बाजूला एक छोटं दार, बारीक खिडक्या, समोर रेडिओचे डबे, आणि खाली मागच्या दिशेला ती एक हलकी मशीनगन. वैमानिक दिसत नाही, गनरचे फक्त पाय दिसतात. बॉम्ब सुटले की नाही हे पुढच्या भिंतीतल्या काचेतून बॉम्बच्या कप्प्यात डोकावून सांगायचं. रडार आल्यावर त्याचा पडदाही याच्याच समोर आला. पहिल्या 'एएसबी' रडारमध्ये पंखांखाली दोन्हीकडे माशाच्या काट्यांसारखे अँटेना असत. पडद्यावर मधल्या उभ्या रेघेच्या डावी-उजवीकडे टोकं उगवत. डावीकडचं टोक मोठं तर जहाज डावीकडे, सारखी असतील तर नाकासमोर. साधं, पण लाटांवरून परतणाऱ्या कचऱ्यातून खरं टोक ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. ही कला मला ठाऊक आहे आणि ती शिकवून फारशी येत नाही, तासन्‌तास बघूनच येते.

पोटातल्या जागेचा दोष एका क्षणी कळायचा: बाहेर पडायचं असेल तेव्हा. वैमानिक पॅराशूटवरच बसलेला. मागच्या दोघांची पॅराशूटं बाजूला ठेवलेली, ती छातीवर अडकवायची, दार सोडवायचं आणि मग उडी. विमान जळत असताना आणि कलत असताना. २ सप्टेंबर १९४४ला चिचिजिमा बेटावरच्या हल्ल्यात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज बुश यांचं अ‍ॅव्हेंजर पडलं, ते अनेकांना माहीत असतं. हल्ला होता तिथल्या रेडिओ केंद्रावर. बुरुजात त्या दिवशी नेहमीच्या गनरऐवजी टेड व्हाइट हा अधिकारी बसला होता. पोटात नेहमीचाच रेडिओमन, जॉन डिलेनी. बॉम्ब टाकून समुद्रावर आल्यावर बुशनी दोघांना उडी मारायला सांगितलं आणि स्वतः उडी मारली. मागच्या दोघांपैकी एक बाहेर पडलेला दिसला, त्याचं पॅराशूट उघडलं नाही. तो डिलेनी की व्हाइट, हे आजवर कळलेलं नाही. बुशना फिनबॅक पाणबुडीने उचललं आणि ते या दोघांबद्दल म्हातारपणापर्यंत बोलत राहिले. वैमानिकाला मागचं दिसत नसे, हे त्या विमानाच्या आराखड्यातच होतं.

२० जून १९४४च्या रात्रीचा हिशेबही हेच सांगतो. फिलिपीन समुद्रात अमेरिकन अ‍ॅडमिरल मिट्शरनी संध्याकाळी जपानी ताफ्यावर २१६ विमानं सोडली. शत्रू आधी कळवल्यापेक्षा दूर निघाला. परतताना गडद अंधार, टाक्या रिकाम्या. मिट्शरनी पाणबुड्यांची भीती बाजूला ठेवून सगळ्या ताफ्याचे दिवे लावायला सांगितले. तरी जवळपास ८० विमानं पाण्यात किंवा डेकवर आदळून गेली. बहुतेक माणसं वाचवली गेली. जी सापडली नाहीत त्यांत १६ वैमानिक आणि ३३ मागचे. झेड बेकरमधून अक्षरं ऐकत नौकेपर्यंत आणलेल्या माणसाचं काम पाणी लागताच बदलायचं. रबरी नाव बाहेर काढायची आणि विमान बुडायच्या आत वैमानिकालाही ओढायचं. त्यासाठी मिनिट-दीड मिनिट मिळालं तर पुष्कळ.

जाता जाता 'बर्म्युडा त्रिकोणा'बद्दल, कारण त्यावरही विचारणा होते. ५ डिसेंबर १९४५ला फोर्ट लॉडरडेलहून सरावासाठी गेलेली पाच अ‍ॅव्हेंजर विमानं १४ माणसांसह हरवली. गूढ वगैरे सोडून द्या. वाट चुकलेल्या नेत्याला किनाऱ्यावरून सांगितलं गेलं की सरावाच्या ४८०५ किलोसायकलवरून आणीबाणीच्या ३०००वर ये, तिथे आवाज स्वच्छ येईल. त्याने नकार दिला, कारण बदलताना बाकीची चार विमानं सुटतील ही धास्ती. माझ्यासारख्या माणसाला ती धास्ती समजते. निर्णय तरीही चुकीचाच होता. आणि मागे बसलेल्या रेडिओमनना त्यात मत नव्हतं.

पॅसिफिकबद्दल सगळे लिहितात. मला मात्र अटलांटिकमधलं काम जवळचं, कारण पुढे आम्ही जे केलं त्याचा उगम तिथे आहे. लहान विमानवाहू नौका जर्मन पाणबुड्यांच्या मागे लागत आणि त्यांवरची अ‍ॅव्हेंजर विमानं रात्रंदिवस फिरत. रडारवर टोक दिसलं, पाणबुडी बुडी मारून गेली, मग काय? तिथे सोनोबॉय आला. पाण्यात टाकायचा छोटा तरंगता ट्रान्समीटर, खाली लोंबकळणारा पाण्यातला मायक्रोफोन. पाच सोनोबॉय एका आकृतीत टाकायचे. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि ओळखायला रंग: जांभळा, नारिंगी, निळा, लाल, पिवळा. रेडिओमन एकेका रंगावर कान लावून ऐकायचा, पाणबुडीच्या पंख्याचा घरघराट कुठे मोठा, कुठे बारीक. त्यावरून पाणबुडी कुठून कुठे चालली हे वैमानिकाला सांगायचं. मग आवाजाच्या मागे जाणारा टॉर्पेडो सोडायचा, ज्याला गुप्ततेसाठी 'मार्क २४ सुरुंग' म्हणत.

जून १९४४च्या अखेरीस बोग नौकेच्या अ‍ॅव्हेंजरनी आय-५२ ही जपानी पाणबुडी याच पद्धतीने बुडवली. ती दोन टन सोनं घेऊन फ्रान्सकडे निघाली होती. त्या रात्री सोनोबॉयमधून आलेला आवाज तारेवर मुद्रित केला गेला आणि तो अजून जपून ठेवलेला आहे. पाणबुडीचा सांगाडा १९९५मध्ये पाच किलोमीटरहून जास्त खोलीवर सापडला. तो आवाज मी ऐकलाय. पंख्याची लय, मग स्फोट, मग धातू दबल्याचा चुरचुराट. अलिझेमध्ये आम्हीही सोनोबॉय टाकून असेच कान लावून बसायचो, पण आमची पाणबुडी आपलीच असे आणि सराव संपल्यावर वर येऊन दिवा दाखवी. १९७१च्या युद्धात आमच्या आधीच्या पिढीला ते सुख नव्हतं. १० डिसेंबरला कच्छच्या बाजूला टेहळणीवर गेलेलं अलिझे पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. त्यात लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन होते. यादीत तिसरं नाव एअरक्रूमनचं असतं, हे आमच्याकडेही बदललेलं नाही.

ब्रिटिश नौदलात याच माणसाला 'टेलिग्राफिस्ट एअर गनर' म्हणत, थोडक्यात 'टॅग'. स्वोर्डफिश या कापडी पंखांच्या विमानात वैमानिक, निरीक्षक आणि हा. नोव्हेंबर १९४०मध्ये टारंटो या इटालियन नौदल तळावर हल्ल्याला गेलेल्या २१ स्वोर्डफिशमध्ये टॅग नव्हतेच. जादा इंधनाची टाकी ठेवायला जागा हवी होती, म्हणून त्यांना मागे ठेवलं. १२ फेब्रुवारी १९४२ला इंग्लिश खाडीत जर्मन युद्धनौकांवर गेलेल्या सहा स्वोर्डफिशमधली १८पैकी १३ माणसं गेली. वाचलेल्या पाचांत एकच खलाशी होता, डोनाल्ड बन्स, बाकी चौघं अधिकारी. आपल्याकडचा संबंध असा की युद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानांचे तळ कोची, कोइमतूर, सुलूर, तांबरम इथे होते, आणि १९ एप्रिल १९४४ला सुमात्राच्या साबांग बंदरावर त्रिंकोमालीहून गेलेल्या ताफ्यात ब्रिटिश इलस्ट्रियस आणि अमेरिकन साराटोगा या विमानवाहू नौका एकत्र होत्या. टॅग आणि एआरएम त्या दिवशी एकाच आकाशात होते.

जपान्यांकडेही टॉर्पेडो विमानात तिसरा माणूस हाच. पर्ल हार्बरचा 'तोरा तोरा तोरा' हा अचानक हल्ला साधल्याचा संदेश हल्ल्याचे नेते फुचिदा यांच्या नावावर जमा आहे. तो कळीवर वाजवला त्यांच्या मागे बसलेल्या मिझुकी नावाच्या रेडिओमनने.

पगार आणि मानाचं सांगायचं तर उड्डाणाचा भत्ता मूळ पगाराच्या निम्मा, त्यामुळे जहाजावरच्या बरोबरीच्या खलाशांत हे लोक थोडे श्रीमंत आणि त्यावरून टोमणे खाणारे. वैमानिक अधिकारी, हे खलाशी. जेवण वेगळं, झोपायची जागा वेगळी, सुटीतली दारूही वेगळ्या ठिकाणी. ज्याच्या हातात आपला जीव त्याच्याशी जमिनीवर जेमतेम ओळख आणि वर गेल्यावर इंटरकॉमवर सगळं. उड्डाण नसेल तेव्हा बॅटऱ्या, संच, बंदुकीची सफाई. विमानकर्मींचा स्वतंत्र बिल्ला १९४३मध्ये मिळाला, त्यावर लढाईसाठी जास्तीत जास्त तीन तारे लावता येत.

तुम्ही जी अक्षरं पाहिलीत ती अशी वाचा. एआरएमच्या मागे ३, २, १ हा दर्जा, ३ सर्वांत कनिष्ठ. एसीआरएम म्हणजे मुख्य, मुरलेला माणूस. १९४८मध्ये हा हुद्दाच गेला आणि ही माणसं विमान-इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या हुद्द्यात गेली. फेरियर पुढे अधिकारी झाला, कोरिया आणि व्हिएतनामच्या काळातही नौदलातच होता आणि कमांडर म्हणून निवृत्त झाला. १९९८मध्ये समुद्रतळ धुंडाळणारे रॉबर्ट बॅलार्ड यांनी मिडवेजवळ बुडालेली यॉर्कटाउन ही अमेरिकन विमानवाहू नौका शोधली, त्या मोहिमेच्या जहाजावर तो होता. सोबत कागा या जपानी नौकेवरचे हारुओ योशिनो होते, तेही टॉर्पेडो विमानात वैमानिकाच्या मागे बसणारे. फेरियर २०१६मध्ये, ९१व्या वर्षी गेला.

यावर बहुतेकांची पुढची शंका असते ती अशी: वैमानिक मेला तर रेडिओमन विमान परत आणू शकायचा का? डॉन्टलेसमध्ये मागे काढ-घाल करता येणारी दांडी होती, कोनाड्यातून काढून खाचेत बसवायची. बरेच वैमानिक कंटाळवाण्या गस्तीवर मागच्याला थोडा वेळ चालवायला देत, म्हणजे सरळ उडवता यावं एवढं. नौकेवर उतरवणं शक्यच नव्हतं. पुढचं डेक मागून दिसत नाही आणि उतरायचा हूक पुढून सोडायचा. त्याला फार तर आपल्या जहाजांजवळ नेऊन पाण्यावर ठेवता आलं असतं. अ‍ॅव्हेंजरच्या पोटात बसलेल्याकडे दांडीही नव्हती.